ठळक म्हणजे सुवाच्य?

पुसदच्या बसस्थानकावरून बाजारपेठेकडे चालत निघाले की दोन्ही बाजूंना अक्षरांची गर्दी दिसते. कापड दुकानांच्या पाट्या, कृषी केंद्रांचे फलक, शिकवणी वर्गांच्या जाहिराती, लग्नाच्या मांडवाबाहेरचे स्वागतफलक, १ जुलैला कृषिदिनानिमित्त वसंतराव नाईकांना अभिवादन करणारे फ्लेक्स. पूर्वी हे काम पेंटर करीत. आता ते संगणकावर होते, आणि त्यामुळे एकच अक्षरवळण शेकडो ठिकाणी भेटते. गेल्या काही वर्षांत त्यांत एक वळण वारंवार दिसू लागले आहे. त्यातली जाड रेघ फारच जाड असते आणि बारीक रेघ केसासारखी बारीक. अक्षर काळेभोर, भारदस्त, थोडे ऐटीतले. दुरून पाहताच ‘काहीतरी महत्त्वाचे लिहिले आहे’ असे वाटायला लावणारे.

आम्ही काही शिक्षक या वळणाच्या प्रेमात पडलो होतो, हे आधीच कबूल करतो. एका वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या विद्यार्थ्यांनी कीटकनाशक फवारणीतील दक्षतेवर तक्ता केला. विषय आमच्या जिल्ह्याला जिव्हारी लागणारा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. मुलांनी माहिती नीट जमवली होती. तक्ता सुंदर दिसावा म्हणून शीर्षकापासून शेवटच्या सूचनेपर्यंत सगळा मजकूर आम्ही याच काळ्याभोर वळणात छापून घेतला. प्रदर्शनाला आलेले पालक तक्त्यासमोर थांबत, मान डोलावत आणि पुढे जात. शेवटी एका शेतमजूर आजोबांनी तक्त्याजवळ उभ्या असलेल्या मुलीला विचारले, “बाई, याच्यात लिहिलं काय ते वाचून दाखव ना.” आजोबांना वाचता येत होते. शेजारच्या तक्त्यावरचा मजकूर त्यांनी स्वतःच वाचला होता.

त्या प्रश्नाने आमचे डोळे उघडले. ठळक अक्षर म्हणजे वाचायला सोपे अक्षर असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक कितपत खरे आहे, हे एका विशिष्ट अक्षरवळणाच्या निमित्ताने तपासून पाहावे, म्हणून हा लेख.

जाड-बारीक आले कोठून?

ज्या वळणाविषयी आम्ही बोलत आहोत, त्याचे नाव ‘रोझा वन’. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने ते २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. टिम डोनाल्डसन आणि ज्योतिष सोनोवाल यांनी ते तयार केले. त्यात देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींची अक्षरे आहेत. ते मुक्त परवान्याखाली उपलब्ध असल्यामुळे कोणीही ते विनामूल्य उतरवून घेऊ शकतो, वापरू शकतो. त्याचे गुणदोष पाहण्याआधी अक्षरात जाड आणि बारीक रेघा येतातच का, हे समजून घ्यायला हवे.

देवनागरीचे पारंपरिक वळण बोरूतून आले. बोरूचे टोक चपटे, तिरके कापलेले असते. अशा टोकाची रेघ किती जाड उमटणार, हे लिहिण्याच्या जोरावर फारसे अवलंबून नसते. हाताची दिशा आणि टोकाची धार यांच्यातल्या कोनावर ते ठरते. उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांना हे सूत्रात सांगता येईल: टोकाची रुंदी ‘र’ असेल आणि रेघेची दिशा व टोकाची धार यांच्यातला कोन ‘क’ असेल, तर रेघेची जाडी म्हणजे ‘र’ गुणिले ‘क’ची ज्या, म्हणजे साइन. धारेच्याच दिशेने हात सरकला तर कोन शून्य, जाडी जवळजवळ शून्य. धारेला काटकोनात सरकला तर जाडी पूर्ण ‘र’.

धार आडव्या रेषेशी सुमारे ४५ अंशांत धरली तर काय होईल? उभ्या रेघेशी तिचा कोन ४५ अंश आणि आडव्या रेघेशीही ४५ अंश. दोन्हींची जाडी टोकाच्या रुंदीच्या ०.७१ पट, म्हणजे सारखीच. म्हणून बोरूने लिहिलेल्या देवनागरीत उभा दंड आणि आडवी शिरोरेषा यांच्या जाडीत फार मोठा फरक पडत नाही. खरा फरक पडतो तो तिरक्या आणि गोलाईच्या रेघांत. एका तिरक्या दिशेला रेघ सर्वांत जाड होते, तर तिला काटकोनातल्या दुसऱ्या दिशेला ती सर्वांत बारीक होते. ‘व’, ‘क’, ‘त’ यांच्या गोलाईत जे भरणे आणि निमुळते होणे दिसते, ते असे आपोआप घडते. त्यात सजावट म्हणून काही घातलेले नसते.

हे वर्गात करून पाहण्यासाठी बोरूसुद्धा लागत नाही. दोन पेन्सिली रबराने एकमेकींना घट्ट बांधा. दोन्ही टोके कागदाला टेकतील असे धरा आणि टोकांना जोडणारी रेषा ४५ अंशांत तिरकी ठेवून ‘व’ काढा. दोन पेन्सिलींच्या दोन रेघांमधली जागा म्हणजे बोरूची जाडी. ती कोठे रुंदावते आणि कोठे शून्यावर येते, हे मुलांना समोर दिसते. मग हाताचा कोन बदला आणि तेच अक्षर पुन्हा काढा. एकाच ‘व’ची दोन निराळी वळणे मिळतात. त्रिकोणमितीच्या तासाला याहून स्वस्त उपकरण आम्हांला माहीत नाही.

दुसऱ्या घराण्याची गोष्ट

रोमन लिपीत टोकाचा कोन साधारण ३० अंशांचा धरला, तर उभी रेघ टोकाच्या रुंदीच्या ०.८७ पट आणि आडवी ०.५ पट जाड होते. फरक आहे, पण सौम्य. १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र युरोपातल्या अक्षरवळणांनी निराळीच वाट धरली. लेखनासाठी टोकदार, लवचीक लेखणी आली. तिच्यात जाडी दाबावर ठरते. खाली ओढताना दाब दिला की रेघ जाड, वर किंवा आडवे जाताना दाब काढला की रेघ केसाएवढी. तांब्याच्या पत्र्यावर कोरून केलेल्या छपाईतही अशा नाजूक रेघा उमटत. इंग्लंडमध्ये जॉन बास्करव्हिलसारख्यांनी गुळगुळीत कागद वापरायला सुरुवात केली, आणि खिळ्यांनी छापतानाही बारीक रेघ टिकू लागली. त्यातून फ्रान्समध्ये फर्मिन दिदो आणि इटलीत पार्मा येथे जाम्बात्तिस्ता बोदोनी (१७४०–१८१३) यांची वळणे आली. उभ्या रेघा भरीव, आडव्या रेघा केसासारख्या, आणि उभ्या रेघेच्या टोकांना सरळ, पातळ पट्ट्या. या पट्ट्यांना ‘सेरिफ’ म्हणतात.

पुढे १९ व्या शतकाच्या पहिल्या दशकांत लंडनमध्ये लॉटरीच्या आणि नाटकांच्या जाहिराती भिंतीभर लागू लागल्या. भिंतीवरच्या गर्दीत आपली जाहिरात उठून दिसावी, म्हणून तिथल्या खिळेकारांनी बोदोनीच्या प्रकारातली उभी रेघ फुगवत नेली आणि बारीक रेघ होती तेवढीच बारीक ठेवली. या जाडजूड वळणांना ‘फॅट फेस’ असे नाव पडले. त्यांच्या जन्माचे श्रेय बहुधा रॉबर्ट थॉर्न या खिळेकाराला दिले जाते. ही वळणे पुस्तकासाठी नव्हतीच. चार शब्दांनी रस्त्यावरच्या माणसाला थांबवणे हे त्यांचे काम, आणि ते त्यांनी चोख केले.

रोझा वनची रोमन अक्षरे या फॅट फेस घराण्यातली आहेत. आणि तिची देवनागरी त्यांच्या शेजारी शोभावी अशी बेतलेली आहे. येथे आमच्या टीकेचा पहिला मुद्दा येतो. रोमन फॅट फेसमध्ये जाड-बारीक हे ‘उभे विरुद्ध आडवे’ असे वाटलेले असते. बोरूच्या देवनागरीत ते ‘एक तिरपी दिशा विरुद्ध दुसरी तिरपी दिशा’ असे असते. शिवाय देवनागरीला रोमनसारखे सेरिफ नाही. तिच्या डोक्यावर शिरोरेषा आहे आणि रेघांना कापलेली टोके आहेत. म्हणजे या दोन लिपींना एकाच पोशाखात उभे करायचे, तर अक्षरकाराला एका लिपीचा स्वभाव काही प्रमाणात दुसरीच्या मापाने बेतावा लागतो. यात गैर काही नाही. मराठी छपाई सुरू झाल्यापासून अशा तडजोडी होत आल्या आहेत. पण तडजोडीची किंमत कोण देतो, हे पाहायला हवे. आमच्या मते ती किंमत अक्षराच्या आतली पोकळी देते. त्याकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

खिळ्यांच्या काळातला शहाणपणा

मराठी छपाईत सुबक वळणाचा आग्रह नवा नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले. पुढे जावजी दादाजींनी १८६४ मध्ये खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या निर्णयसागरच्या वळणाने पुढच्या अनेक पिढ्यांना ‘छापील देवनागरी कशी असते’ हे शिकवले. त्या अक्षरांत जाड-बारीक आहे, पण मापात. बारीक रेघ इतकीही बारीक नाही की कागदाने ती गिळावी.

त्या काळच्या कारागिरीतली एक गोष्ट आज विस्मरणात गेली आहे. खिळ्याचा प्रत्येक आकार स्वतंत्रपणे कोरावा लागे. पोलादी पंचावर अक्षर कोरायचे, तो पंच तांब्यात ठोकायचा, त्या साच्यात धातू ओतायचा. लहान खिळ्यासाठी लहान पंच. कसबी पंचकार लहान आकार कोरताना मोठ्या अक्षराची नुसती लहान प्रतिकृती करीत नसे. तो बारीक रेघ प्रमाणाने थोडी जाड ठेवी, आतली पोकळी थोडी मोठी करी आणि अक्षरांमधले अंतर थोडे वाढवी. कारण शाई पसरते आणि डोळ्याला मर्यादा असते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असे.

संगणकावर बहुतेक वेळा एकच चित्र लहानमोठे केले जाते. रोझा वनमध्येही जाडीचा एकच प्रकार आहे, आणि तो मोठ्या शीर्षकांसाठी आखलेला आहे. उदाहरण म्हणून असे अक्षर धरू, की ज्याची बारीक रेघ उंचीच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढी आहे. फलकावर अक्षर ४० मिलिमीटर उंच असेल, तर ती रेघ १ मिलिमीटरची. ठीक आहे. तेच अक्षर पत्रिकेवर ४ मिलिमीटर उंच केले, की रेघ ०.१ मिलिमीटरची होते. एका इंचात ३०० ठिपके उमटवणाऱ्या छपाईयंत्राचा एक ठिपका सुमारे ०.०८५ मिलिमीटरचा असतो. म्हणजे आपली रेघ जेमतेम एका ठिपक्याची. त्या कागदाची झेरॉक्स काढली, आणि त्या झेरॉक्सची आणखी एक काढली, की रेघ तुटते आणि ‘क’चे दोन तुकडे होतात. शाळांतल्या सराव प्रश्नपत्रिकांचे नेमके असेच होते.

शेवटच्या बाकावरचे गणित

आता डोळ्याकडे येऊ. निरोगी डोळ्याला दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येण्यासाठी त्यांच्यात सुमारे एक कलेचे, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाचे अंतर लागते. नेत्रतपासणीचा तक्ता याच आधारावर बनतो. उट्रेख्टचे हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तो तयार केला. ६ मीटरवरून वाचायच्या ओळीतले अक्षर ५ कला उंचीचे आणि त्यातली प्रत्येक रेघ व प्रत्येक फट १ कलेची असते. ६ मीटरवर १ कला म्हणजे सुमारे १.७५ मिलिमीटर. वर्गातला शेवटचा बाक फळ्यापासून ७ मीटरवर असेल, तर तेथे १ कला म्हणजे सुमारे २ मिलिमीटर. सोपा हिशेब असा: अंतर मिलिमीटरमध्ये घ्या आणि त्याला ०.०००२९ ने गुणा.

आता ‘प’ आणि ‘ष’ घ्या. दोहोंत फरक फक्त पोटातल्या तिरक्या रेघेचा. ७ मीटरवरून ‘ष’ हा ‘प’ नाही हे कळायचे, तर पोटात फट, तिरकी रेघ, फट असे तीन भाग दिसले पाहिजेत. प्रत्येकाला किमान २ मिलिमीटर धरले, तर पोकळी किमान ६ मिलिमीटर रुंद हवी. तीसुद्धा चांगल्या उजेडात, चांगल्या डोळ्यांसाठी.

समजा अक्षर ४० मिलिमीटर उंच आणि ३० मिलिमीटर रुंद आहे. साध्या वळणात दंड ५ आणि डावीकडची रेघ ५ मिलिमीटर धरली, तर पोटात २० मिलिमीटर जागा उरते. तिरकी रेघ ऐसपैस बसते. अतिजाड वळणात दंड १२ आणि डावी रेघ १० मिलिमीटर झाली, की पोटात उरतात ८ मिलिमीटर. अक्षरकारासमोर आता दोनच वाटा असतात. तिरकी रेघ १ मिलिमीटरची केली, तर दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन मिलिमीटरच्या फटी मिळतात, पण रेघ अर्ध्या कलेची होते. रेघ ४ मिलिमीटरची केली, तर ती दिसते, पण फटी दोन-दोन मिलिमीटरच्या, म्हणजे अगदी मर्यादेवर येतात. आणि हेच अक्षर २० मिलिमीटरचे केले, की सगळी मापे निम्मी होतात आणि दोन्ही वाटा बंद.

येथे एक खुलासा करायला हवा. अर्ध्या कलेची रेघ अगदीच दिसेनाशी होते असे नाही. मोकळ्या आकाशावरची विजेची तार आपल्याला दूरवरून दिसते, ती कितीतरी कमी कोन व्यापत असली तरी. एकटी काळी रेघ डोळा ओळखतो. पण डोळ्याच्या पडद्यावर तिची प्रतिमा पसरते, आणि काळ्या रेघेची करडी रेघ होते. तिच्या दोन्ही बाजूंना काळेभोर जाड खांब असतील, तर त्यांच्याही कडा तिच्यावर पसरतात. मोतीबिंदूची सुरुवात असलेल्या डोळ्यात प्रकाश आणखी विखुरतो. त्या आजोबांना आमचा तक्ता का वाचता आला नाही, याचे उत्तर आम्हांला येथे मिळाले. त्यांच्या दृष्टीने ‘विषारी’मधला ‘ष’ म्हणजे एक काळा चौकोन असणार.

देवनागरीत अशा जोड्या थोड्या नाहीत. ‘व’ आणि ‘ब’ यांच्यात पोटातल्या रेघेचा फरक. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात डावीकडच्या वरच्या टोकाचा फरक. ‘भरणे’ आणि ‘मरणे’, ‘घर’ आणि ‘धर’, ‘वाट’ आणि ‘बाट’ हे शब्द एवढ्याशा खुणेवर उभे आहेत. ‘ख’ हा ‘रव’ वाचला जाऊ नये, म्हणून त्याचा पाय पुढच्या भागाला जोडून लिहिण्याची रीत आली, हे आपल्यापैकी अनेक जण वर्गात सांगतात. म्हणजे लिपीच्या सुधारकांना जे धोके दिसले, तेच आपण जाड अक्षराच्या हौसेपायी परत आणतो.

अनुभवी वाचक शब्दाच्या संदर्भाने चूक भरून काढतो. ‘विपारी औषध’ असे दिसले तरी तो ‘विषारी’च वाचतो. नवशिक्या वाचकाला ही सोय नसते. पुसदच्या आसपासच्या तांड्यांवरून येणारी अनेक मुले घरी गोरमाटी बोलतात. मराठी शब्दांचा साठा अजून तयार होत असताना त्यांना अक्षर अक्षर लावून वाचावे लागते. चष्म्याची गरज असून तो न मिळालेली मुले प्रत्येक वर्गात असतात. या मुलांसाठी पोटातली रेघ दिसणे न दिसणे म्हणजे शब्द कळणे न कळणे. सुवाच्यतेचा प्रश्न आम्हांला सौंदर्याच्या प्रश्नाइतकाच, खरे तर त्याहून महत्त्वाचा वाटतो, तो यामुळे.

मग हे वळण वाईट का?

नाही. येथे अन्याय होऊ नये. रोझा वन ज्या कामासाठी केली आहे, ते काम ती उत्तम करते. दोन-तीन शब्दांचे मोठे शीर्षक त्यात लावून पाहा. जाड दंड ठेक्याने येतात, त्यांच्यामधून पांढऱ्या जागा चमकतात, बारीक सांधे गोलाईला हलकेपणा देतात. सगळीकडून सारख्याच जाड असलेल्या अक्षराला हा हलकेपणा येत नाही. एकटाइप या संस्थेचे ‘मोदक’ हे वळण त्यासाठी शेजारी ठेवून पाहावे. तेही अतिजाड, पण त्यात बारीक रेघ जवळजवळ नाहीच. अक्षरे फुगलेली आणि पोकळ्या केवळ चिरेएवढ्या. मोदकाचा स्वभाव खेळकर, रोझाचा समारंभी. बालवाडीच्या स्नेहसंमेलनाला पहिले शोभेल, वार्षिकांकाच्या मुखपृष्ठाला दुसरे. दोन्ही वळणे मजकुरासाठी नाहीत.

आणखी एक गुण सांगायला हवा. १९९० च्या दशकात संगणकावर मराठी जुळवणाऱ्यांना श्रीलिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम अशी ठरावीक साधने वापरावी लागत. एकात टाइप केलेले दुसऱ्यात उघडत नसे आणि शीर्षकांसाठी वळणांची निवड मर्यादित होती. युनिकोड रुळल्यावर ही अडचण गेली. मुक्त परवान्याच्या वळणांमुळे आज खेड्यातल्या शाळेलाही पैसा न घालवता निवड करता येते. ज्यांनी ही वळणे तयार करून खुली केली, त्यांचे आपण ऋणी आहोत. दोष आहे तो आपल्या निवडीत. वळणाच्या कर्त्यांनी शीर्षकासाठी दिलेली वस्तू आपण सूचनांसाठी वापरली.

आपल्याकडे ‘ठळक’ या शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. एक, लक्ष वेधणे. दुसरी, वाचता येणे. पहिलीसाठी कागदावर काळा भाग जास्त लागतो. दुसरीसाठी अक्षराच्या आत पांढरा भाग पुरेसा लागतो. काही मर्यादेपर्यंत दोन्ही एकत्र वाढतात, कारण फार बारीक अक्षरही दुरून दिसत नाही. त्या मर्यादेनंतर मात्र एक वाढवले की दुसरे घटते. कीटकनाशकांच्या डब्यावरची खूण या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. चौकोन टोकावर उभा, त्याचे दोन त्रिकोण. खालचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. लाल म्हणजे सर्वांत जास्त विषारी, हिरवा म्हणजे सर्वांत कमी. वरच्या त्रिकोणात इशाऱ्याचा शब्द, आणि लाल प्रकारात कवटीचे चिन्हही. येथे लक्ष वेधण्याचे काम रंगाकडे आणि चिन्हाकडे दिले आहे. अक्षरांवर दोन्ही ओझी टाकलेली नाहीत. आमच्या तक्त्यात आम्ही नेमकी तीच चूक केली होती.

वापरण्यापूर्वी

कोणतेही जाड वळण निवडण्याआधी पुढील चार चाचण्या घ्याव्यात, अशी आमची सूचना आहे. वेळ एका तासिकेचा, खर्च चार-सहा कागदांचा.

१. जोड्यांची चाचणी: ‘भरा–मरा’, ‘घर–धर’, ‘वाट–बाट’, ‘पोप–पोष’, ‘खाना–रवाना’ असे शब्द क्रम उलटसुलट करून, ज्या आकारात वापरायचे त्याच आकारात छापा. भिंतीवर लावा आणि शेवटच्या बाकावरून मुलांना एकेक शब्द वहीत लिहायला सांगा. ओळीत वाचून घेऊ नका, पहिल्याचे ऐकून दुसरा वाचतो. साध्या वळणातला असाच कागद शेजारी लावून चुका मोजा. मोजणी, सरासरी, आलेख हे सगळे मुलांकडूनच करून घ्यावे.

२. झेरॉक्सची चाचणी: कागदाची झेरॉक्स, तिची झेरॉक्स आणि तिचीही झेरॉक्स काढा. तिसऱ्या पिढीत बारीक रेघा टिकल्या का आणि पोकळ्या बुजल्या का, हे भिंगाने पाहा.

३. उलट रंगाची चाचणी: तोच शब्द काळ्यावर पांढरा छापा. पांढरा भाग डोळ्यात पसरत असल्यामुळे जाड पांढऱ्या रेघा आणखी जाड भासतात आणि आतली काळी पोकळी लहान होते. खडूने फळ्यावर लिहिताना आपले अक्षर कसे असावे, याचा धडाही यातून मिळतो.

४. मराठीची चाचणी: ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘ॲसिड’, ‘वेळ’, ‘शाळा’, ‘फूल’ हे शब्द टाइप करून पाहा. ‘ऱ्य’मधला चंद्रकोरीसारखा र नीट येतो का, ‘ॲ’ आहे का, ‘ल’ आणि ‘श’ मराठी पाठ्यपुस्तकांतल्यासारखे आहेत का? ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. आणि महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचा जो आदेश काढला, त्यात ‘ल’ व ‘श’ची मराठी रूपे ठरवून दिली. सर्व देवनागरी वळणे मराठीचा विचार करून केलेली असतातच असे नाही. पहिली-दुसरीच्या मुलांसमोर ठेवायच्या कागदावर हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

या चाचण्यांत जे वळण उतरेल ते मजकुराला घ्यावे. जे उतरणार नाही ते शीर्षकाला, तेही मोठ्या आकारात, चार शब्दांच्या आत आणि भोवती मोकळी जागा सोडून.

आम्ही तो तक्ता पुढच्या वर्षी पुन्हा केला. ‘फवारणी: जपून करा’ हे तीनच शब्द त्या काळ्याभोर वळणात, वीतभर उंचीचे. खाली चार रंगांचे चौकोन. सूचना साध्या, मध्यम जाडीच्या वळणात, एका ओळीत एकच: वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून फवारू नका. तोंडाला रुमाल पुरेसा नाही, मास्क व हातमोजे वापरा. नोझल तोंडाने फुंकू नका. फवारणीनंतर साबणाने आंघोळ करा. त्रास वाटला तर डबा सोबत घेऊन दवाखान्यात जा. मजकूर निम्म्याने कमी करावा लागला, तेव्हा मुले थोडी हिरमुसली. त्यांनी जमवलेली उरलेली माहिती आम्ही वहीत लावून तक्त्याखाली ठेवली.

या वेळी प्रदर्शनात तक्त्यासमोर थांबलेल्या माणसांचे ओठ हलताना दिसत होते. माणसे वाचत होती. एका बाईंनी शेवटची ओळ दोनदा वाचली आणि शेजारणीला विचारले, “डबा कशाला न्यायचा गं?” तक्त्याजवळची मुलगी याच प्रश्नाची वाट पाहत होती. औषध कोणते ते डॉक्टरला कळले तर उपचार लवकर सुरू होतात, हे तिने सांगितले. आमच्या पहिल्या तक्त्यावरही ही ओळ होती. त्या वर्षी हा प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता.